श्रावणभर वाढलेली दाढी वस्तऱ्याने कशी उतरवावी

श्रावण पाळणाऱ्या घरांत अमावास्येनंतर, गणपती येण्याआधीच्या त्या तीन-चार दिवसांत, महिनाभराची दाढी उतरवण्याचा कार्यक्रम असतो. एरवी रोज किंवा दिवसाआड दाढी करणाऱ्याचा हात या दिवशी हमखास अडखळतो. साध्या रेझरच्या दोन पात्यांमधल्या फटीत केस अडकतात, फेस तुंबतो, पाते ओढत जाते आणि शेवटी तीच जागा पाच-पाच वेळा खरवडून गळ्यावर लाल पुरळ उठते. वस्तऱ्याला अशी फट नसते. त्याची धार उघडी असते, कापलेले केस आणि फेस पात्याच्या सपाट अंगावर गोळा होतात आणि एका पुसण्यात निघून जातात. म्हणूनच वाढलेल्या दाढीसाठी वस्तऱ्याइतके योग्य हत्यार दुसरे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र रोजच्या दाढीची पद्धत जशीच्या तशी महिनाभराच्या दाढीला लावली, तर हाच वस्तरा रोजच्या रेझरपेक्षा जास्त इजा करतो. सुतकानंतरची, आजारपणानंतरची किंवा लांबच्या प्रवासानंतरची दाढी असली, तरी पुढील सर्व गोष्टी तशाच लागू पडतात.

एक गोष्ट प्रथम मनात पक्की करावी. वाढलेली दाढी उतरवणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. पहिले काम लांबी कमी करण्याचे आणि दुसरे खुंट काढण्याचे. ही दोन्ही कामे एकाच हातात उरकण्याचा मोह होतो, आणि जवळजवळ सगळ्या जखमा त्या मोहातून होतात.

किती वाढीला काय करावे

दाढीचा केस दिवसाला साधारण 0.3 ते 0.4 मिलिमीटर वाढतो. म्हणजे तीन-चार दिवसांची दाढी दीड मिलिमीटरच्या आत असते, आठवड्याची अडीच-तीन मिलिमीटर आणि श्रावणभराची एक सेंटिमीटरच्या आसपास. दीड मिलिमीटरपर्यंतची वाढ वस्तऱ्याने थेट काढता येते. किंबहुना वस्तरा शिकणाऱ्याला दोन दिवसांची दाढी रोजच्या दाढीपेक्षा सोपी जाते, कारण केसाला थोडी लांबी असली की धार त्याला नीट पकडते. आठवड्याच्या दाढीचा निर्णय केसांचा राठपणा पाहून घ्यावा. त्यापुढच्या कोणत्याही दाढीला आधी कात्री-कंगवा किंवा ट्रिमर लावावा, यात तडजोड करू नये.

याचे कारण असे की लांब केस ओला झाला की त्वचेवर आडवा पडतो, शेजारच्या केसांना चिकटतो आणि त्यांची जट तयार होते. धार त्या जटेपाशी पोहोचते तेव्हा तिला एक केस कापायचा नसतो, पन्नास केसांचा वाकणारा झुबका कापायचा असतो. झुबका कापला न जाता पुढे ढकलला जातो, त्याबरोबर त्वचेची घडी पडते आणि धार त्या घडीत शिरते. मी पहिल्यांदा श्रावणानंतरची दाढी आधी न कापता थेट वस्तऱ्याने काढायला गेलो, तेव्हा हनुवटीच्या डाव्या बाजूला नेमके हेच झाले. वस्तरा थांबला, मी जोर दिला आणि साधारण एक सेंटिमीटरची चीर पडली. वस्तरा थांबला की हातही थांबला पाहिजे, हे मी त्या दिवसापासून कधी विसरलो नाही.

दाढी कापण्याआधी मात्र आरशासमोर उजेडात पाच मिनिटे उभे राहावे आणि केस कोणत्या दिशेने वाढले आहेत ते नीट पाहावे. रोजच्या खुंटात ही दिशा बोटांनी चाचपून ओळखावी लागते. महिन्याच्या दाढीत ती डोळ्यांना दिसते. गालावर केस बहुधा वरून खाली वाढतात, परंतु गळ्यावर ते आडवे, तिरके, कधी खालून वर असतात आणि जबड्याच्या कोनाखाली अनेकांना भोवरा असतो. हा नकाशा लक्षात ठेवला की पुढचे वर्षभर तो उपयोगी पडतो.

त्यानंतर कोरड्या दाढीवरच ट्रिमर किंवा कात्री चालवावी. ट्रिमरला 2 मिलिमीटरची कंगवी लावावी. उघडा ट्रिमर त्वचेला घासतो आणि घासलेल्या त्वचेवर लगेच वस्तरा फिरवणे त्रासदायक ठरते. कात्री वापरायची असल्यास बारीक कंगवा केसांत मुळाशी टेकवून, त्याच्या दातांवरून वर आलेले केस कापत जावे. एकसारखी कापणी व्हावी हा येथे हेतू नाही. कुठेही तीन मिलिमीटरपेक्षा लांब केस राहू नये, एवढेच पाहायचे.

वस्तरा कोणता

सलूनमध्ये आज दिसतो तो बहुधा अर्ध्या ब्लेडचा वस्तरा. दोन धारी ब्लेड कागदात असतानाच मधोमध मोडून त्याचा अर्धा भाग पकडीत बसवतात आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला नवा लावतात. रक्तातून पसरणारी कावीळ आणि एचआयव्ही यांचा धोका लक्षात घेता दुकानासाठी हीच पद्धत योग्य आहे, आणि न्हाव्याने आपल्यासमोर नवे ब्लेड लावावे हा आग्रह प्रत्येकाने धरावा. घरी स्वतःपुरता वापरायला मात्र धार लावता येणारा जुन्या पद्धतीचा अखंड वस्तराही उत्तम. जर्मनीतील झोलिंगेन, इंग्लंडमधील शेफील्ड आणि फ्रान्समधील तिएर ही या कारागिरीची नावाजलेली गावे. जुन्या घरांच्या ट्रंकेत कधीकधी यांपैकी एखाद्या गावाचे नाव कोरलेला वस्तरा निघतो आणि तो नीट पाजळला तर आजही उत्तम चालतो.

अखंड वस्तऱ्याच्या पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागांत मोजतात. पाच-अष्टमांश ही सर्वसाधारण रुंदी. वाढलेल्या, राठ दाढीसाठी मी सहा-अष्टमांश सुचवतो. रुंद पात्यावर फेस आणि केस जास्त मावतात, त्यामुळे पुसण्यासाठी वारंवार थांबावे लागत नाही. दुसरी बाब पात्याच्या जाडीची. दोन्ही अंगांनी खोल कोरलेले, कागदासारखे पातळ पाते खुंटावर गोड आवाज करते, पण दाट केसांत ते किंचित लवते. मध्यम कोरीव, थोडे वजनदार पाते आपल्या वजनानेच केस कापत जाते आणि हाताला जोर द्यावा लागत नाही. टोक गोल असलेला वस्तरा घ्यावा. चौकोनी टोक मिशीच्या कडेसाठी सोयीचे, पण कानाच्या पाळीजवळ धोक्याचे असते.

अर्ध्या ब्लेडचा वस्तरा वापरणाऱ्यांनी एक युक्ती करावी. ब्लेडचा एक अर्धा भाग पहिल्या हाताला, म्हणजे चेहऱ्यावरून वस्तऱ्याच्या पहिल्या फेरीला, वापरून टाकून द्यावा आणि दुसरा अर्धा दुसऱ्या हातासाठी लावावा. महिन्याच्या दाढीचा पहिला हात कोणत्याही ब्लेडची धार बरीच खाऊन टाकतो.

केसासारखी मऊ वस्तू पोलादाची धार कशी बिघडवते, याचा शोध मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी घेतला आणि तो 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. दाढीच्या ब्लेडचे पोलाद केसापेक्षा सुमारे पन्नास पट कठीण असते, तरीही सूक्ष्मदर्शकाखाली धारेचे बारीक टवके उडालेले दिसले. केस वाकून धारेला तिरका भिडतो आणि धारेच्या त्या बिंदूला पोलादाची आतली रचना असमान असते, तेव्हा हे टवके उडतात. लांब केस आखूड खुंटापेक्षा अधिक वाकतो. आधी कापणी करण्याचा नियम त्वचेसाठी जितका आहे, तितकाच तो वस्तऱ्यासाठीही आहे, हे यावरून ध्यानात यावे.

पट्ट्यावर घासणे

अखंड वस्तऱ्याला दगडावर धार लावणे हे क्वचित करण्याचे काम आहे. चामड्याच्या पट्ट्यावर घासणे हे प्रत्येक दाढीआधीचे. पट्टा भिंतीतल्या कडीला अडकवून दुसऱ्या हाताने ताणून धरावा. तो सैल राहिला तर झोळ पडतो आणि धार गोल होते. पात्याची पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी पट्ट्याला टेकलेली असावीत आणि पाठ पुढे, धार मागे अशा रीतीने पाते ओढावे. टोकाला पोहोचल्यावर पाते पाठीवर उलटवावे, धारेवर कधीही नाही. धारेवर उलटवले तर पट्टाही कापला जातो आणि धारही दुमडते. आधी पट्ट्याच्या कापडी बाजूवर वीस-पंचवीस फेऱ्या आणि मग चामड्यावर पन्नास-साठ. वेगाला महत्त्व नाही. पाते पट्ट्यावर एकसारख्या आवाजाने सरकत आहे ना, हे कान देऊन ऐकावे. एका टोकाला आवाज बदलत असेल, तर तिथे पाते उचलले जात आहे असे समजावे.

धार पाहण्यासाठी अंगठा फिरवू नये. मनगटावरच्या केसांवरून, त्वचेला न टेकवता दोन-तीन मिलिमीटर वरून पाते हलकेच न्यावे. केस टपटप तुटून पडले तर वस्तरा तयार आहे. तो केस वाकवून पुढे जात असेल, तर त्या वस्तऱ्याने वाढलेली दाढी करायला बसू नये.

दाढी घोळणे

आता या साऱ्या प्रक्रियेतील सर्वांत मोलाच्या, आणि घाईत सर्वांत आधी गाळल्या जाणाऱ्या पायरीकडे येऊ. जुने कारागीर धोकटी, म्हणजे हत्यारांची पिशवी, उघडल्यावर वस्तरा काढण्याच्या आधी वाटी काढत. वाटीतल्या पाण्याने ओल्या केलेल्या बोटांनी ते दाढी घोळत बसत. बोटांची पेरे केसांच्या मुळाशी गोल फिरत, पाणी सुकले की पुन्हा बोटे ओली होत, आणि समोरचा माणूस डोळे मिटून घेई. साबण नसला तरी त्या काळी नुसत्या पाण्यावर दाढी होत असे, ती या घोळण्याच्या जोरावर.

केस पाणी शोषतो तेव्हा तो फुगतो, मऊ पडतो आणि कोरड्या केसापेक्षा पुष्कळ कमी जोराने कापला जातो. हे शोषण क्षणात होत नाही. त्याला किमान दोन-तीन मिनिटे सतत ओलावा लागतो. वाढलेल्या दाढीत आणखी एक अडथळा असतो. महिनाभर केसांच्या मुळाशी त्वचेचा तेलकटपणा, घाम आणि कोंडा साचलेला असतो आणि हा थर पाणी आत शिरू देत नाही. म्हणून प्रथम साध्या साबणाने किंवा शांपूने दाढी दोनदा धुवावी, आणि दाढीला तेल लावण्याची सवय असल्यास त्या दिवशी सकाळी तेल लावू नये. आंघोळीनंतर लगेच दाढीला बसणे सर्वांत सोयीचे. नंतर गरम पाण्यात पिळलेला पंचा किंवा नॅपकिन चेहऱ्यावर दोन मिनिटे ठेवावा. पाणी मनगटाला सोसवेल इतकेच गरम असावे. फार गरम पाण्याने त्वचा सुजते आणि वस्तऱ्याखाली पटकन सोलली जाते. त्यानंतर पुन्हा ओल्या बोटांनी, केसांच्या दिशेविरुद्ध, मुळापर्यंत दोन मिनिटे घोळावे. केस बोटांखाली टोचेनासे झाले की थांबावे.

फेसाच्या बाबतीत दाट, कोरडा, शुभ्र फेस म्हणजे चांगला फेस असा एक गैरसमज आहे. वाढलेल्या दाढीला पातळसर, ओलसर, चमकणारा फेस हवा; तो घट्ट दह्यापेक्षा फेटलेल्या दह्यासारखा असावा. ब्रश गोल गोल फिरवून फेस मुळांशी न्यावा, मग शेवटी ब्रश वरच्या दिशेने चालवून केस उभे करावेत. बोअरचे जड पाणी असलेल्या ठिकाणी फेस धरत नाही, फाटतो आणि त्वचेवर चिकट थर बसतो. अशा वेळी फेसापुरते फिल्टरचे किंवा पावसाचे गाळलेले पाणी वापरावे. अर्धी वाटी पुरते. श्रावणात तेवढे पावसाचे पाणी सहज मिळते.

पहिला हात

पकड अशी असावी: वस्तऱ्याची मूठ (पाते जिच्यात मिटते ती) उघडून पात्याच्या मागे नेलेली, तीन बोटे दांडीच्या (पाते आणि मूठ यांमधल्या भागाच्या) वरच्या बाजूला, करंगळी खिळ्यापलीकडच्या शेपटीवर आणि अंगठा खालून दांडीला. पाते त्वचेशी साधारण 30 अंशांचा कोन करेल इतके झुकवावे. मोजायला सोपे जावे म्हणून सांगतो: धार त्वचेला टेकलेली असताना पाठ आणि त्वचा यांच्यामध्ये पाठीच्या जाडीच्या दुप्पट अंतर राहील इतके. पाते याहून आडवे झाले तर ते केस ओढते, उभे झाले तर त्वचा खरवडते किंवा कापते. अर्ध्या ब्लेडच्या वस्तऱ्यात कोन थोडा कमी ठेवावा आणि जोर मुळीच देऊ नये, कारण त्या पात्याला वजन नसते आणि त्यामुळे हात नकळत दाब देतो.

कल्ल्यापासून सुरुवात करावी. दुसऱ्या हाताच्या बोटांनी कल्ल्याच्या वरची त्वचा वर ताणावी आणि केसांच्या दिशेने खाली दोन-अडीच सेंटिमीटरचे आखूड ओढ घ्यावेत. दोन ओढांनंतर पाते ओल्या कापडावर पुसावे, पाठीकडून धारेकडे. रोजच्या दाढीत लांब, सलग ओढ शोभून दिसतो; वाढलेल्या दाढीत पात्यावर केसांचा गोळा जमतो, धार झाकली जाते आणि ओढाच्या उत्तरार्धात आपण बोथट वस्तरा चालवत असतो. प्रत्येक ओढ आधीच्या ओढाने साफ केलेल्या पट्टीवरून किंचित सुरू करावा, म्हणजे धारेला अर्धा आधार मोकळ्या त्वचेचा मिळतो. धारेच्या रेषेत पाते आडवे सरकू देऊ नये. फळ कापताना सुरी जशी सरकते तशी हालचाल त्वचेवर झाली की चीर पडलीच.

या हातात गुळगुळीतपणाची अपेक्षा ठेवू नये. गालावर एक मिलिमीटरचा खुंट राहिला, जबड्याखाली पट्टे राहिले, तरी पुढे जावे. केस ओढल्यासारखे वाटले तर क्रमाने तीन गोष्टी तपासाव्यात: फेस सुकला आहे का, पाते भरले आहे का आणि कोन आडवा झाला आहे का. तिन्ही ठीक असूनही ओढत असेल तर पाते पुसून, कोरडे करून पट्ट्यावर पंधरा-वीस फेऱ्या द्याव्यात. महिन्याच्या दाढीत मध्येच असे थांबावे लागणे अगदी स्वाभाविक आहे.

हनुवटी ही सर्वांत अवघड जागा, कारण तिथे केस सर्वांत राठ असतात आणि खाली हाड वळलेले असते. खालचा ओठ दातांवर ओढून घेतला की हनुवटी सपाट होते. इथे ओढ एक सेंटिमीटरपेक्षा लांब घेऊ नयेत आणि हनुवटीच्या उंचवट्यावरून एका ओढात खाली उतरू नये. आधी पुढची बाजू, मग पाते उचलून खालची. वरच्या ओठावर मिशी काढायची असेल तर वरचा ओठ दातांवर खाली ताणावा आणि पात्याचा मधला भाग वापरावा, टोक नव्हे. गळ्यासाठी मान मागे न टाकता किंचित तिरकी करावी. मान पूर्ण मागे टाकली की कंठमण्यावर त्वचा ताणली जाऊन ती जागा टोकदार होते. गिळल्यावर कंठमणी वर जातो तेव्हा दोन बोटांनी त्वचा बाजूला सरकवून, सपाट भागावर आणून ती पट्टी काढावी.

डाव्या गालासाठी हात बदलावा की नाही, हा नेहमीचा प्रश्न. माझा सल्ला असा की वाढलेल्या दाढीच्या दिवशी नवा हात शिकू नये. ज्या हाताची सवय आहे त्याच हाताने, आरशात चेहरा पुरेसा वळवून काम करावे.

दुसरा हात, आणि उलटा हात

चेहरा कोमट पाण्याने धुऊन पुन्हा नवा फेस लावावा. अर्धवट राहिलेल्या जुन्या फेसावर दुसरा हात चालवू नये. आता केस आखूड आहेत, त्यामुळे कोन थोडा कमी करून केसांच्या दिशेला आडवे, म्हणजे गालावर कानाकडून नाकाकडे, ओढ घ्यावेत. भोवऱ्याच्या जागी सकाळी पाहिलेला नकाशा आठवून दिशा बदलावी. या हातानंतर चेहरा सणासुदीला शोभेल इतका स्वच्छ होतो.

उलटा हात, म्हणजे केसांच्या दिशेविरुद्ध वस्तरा, त्या दिवशी मारू नये, असे मी आग्रहाने सांगतो. महिनाभर केसांखाली झाकलेल्या त्वचेला पात्याची सवय राहिलेली नसते. उलट्या हाताने केस त्वचेच्या पातळीखाली कापला जातो आणि वाढताना तो आतच वळून फोड येतो. कुरळ्या केसांच्या माणसांना हा त्रास विशेष होतो. गुळगुळीत दाढीच हवी असेल, तर दोन दिवसांनी, चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी, उलटा हात मारावा. ज्यांना केसतूळ किंवा पुरळ उठलेले आहे त्यांनी त्या जागा ट्रिमरवरच सोडाव्यात. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि मधुमेह असलेल्यांनी उघड्या धारेऐवजी ट्रिमर वापरणे श्रेयस्कर.

नंतर

थंड पाण्याने चेहरा धुवावा आणि ओल्या त्वचेवर तुरटीचा खडा हलकेच फिरवावा. तुरटी त्वचा आवळते आणि बारीक ओरखड्यांतून येणारे रक्त थांबवते. शिवाय ती कुठे झोंबते त्यावरून कोणत्या जागी हात जड पडला तेही कळते. अर्ध्या मिनिटात ती धुऊन टाकावी, नाहीतर त्वचा कोरडी पडते. चीर पडली असेल तर तुरटीच्या आधी स्वच्छ कापडाने पाच मिनिटे न उचलता दाबून धरावे. दाबूनही रक्त थांबत नसेल किंवा जखमेच्या कडा उघड्या पडलेल्या दिसत असतील तर डॉक्टरांकडे जावे. तुरटीचा खडा प्रत्येकाचा वेगळा असावा.

वस्तरा वाहत्या पाण्याखाली धुवावा, पण मुठीच्या खिळ्यात पाणी जाऊ देऊ नये. मऊ कापडाने पाठीकडून धारेकडे पुसून तो दहा-पंधरा मिनिटे उघडा ठेवावा आणि मग पट्ट्यावर आठ-दहा हलक्या फेऱ्या द्याव्यात, म्हणजे धारेवरचा डोळ्यांना न दिसणारा ओलावाही निघून जातो. अखंड वस्तऱ्याचे पोलाद बहुधा गंजणारे असते, आणि कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत पावसाळ्यात एका रात्रीत धारेवर तांबूस ठिपके पडू शकतात. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पात्यावर बोटाने पसरवून ठेवावा. खोबरेल तेल यासाठी वापरू नये, ते कालांतराने खवट होते. वस्तरा न्हाणीघरात न ठेवता कपाटात, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर ठेवावा. पुढच्या वेळी काढाल तेव्हा ते तेल आधी साबणाने धुवा, पाते पूर्ण कोरडे करा आणि मगच पट्ट्यावर घ्या, कारण तेल लागलेल्या पट्ट्यावर पाते नीट घासले जात नाही.